‘चांदूर रेल्वे’: शब्दाचे मूळ आणि शब्दाची जागा

१

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन तालुक्याची गावे आहेत. एक चांदूर बाजार, दुसरे चांदूर रेल्वे. चांदूर रेल्वेहून नागपूरच्या दिशेने पुढे गेले की धामणगाव लागते. त्यालाही ‘रेल्वे’ हेच उपपद जोडलेले आहे, कारण याच जिल्ह्यात धामणगाव गढी नावाचे दुसरे गाव आहे. चांदूर रेल्वेला लागून असलेल्या तालुक्याचे ठाणे मात्र नांदगाव खंडेश्वर. मुंबई-नागपूर लोहमार्ग या गावातून जात नाही. हेमाडपंती बांधणीच्या शिवमंदिरातील देवाने त्याला उपपद पुरवले आहे आणि त्यामुळे ते अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेपासून, तसेच नाशिक जिल्ह्यातील नांदगावपासून वेगळे ओळखता येते. नाशिककडील नांदगावला रेल्वेचे स्थानक आहे, पण नावात ‘रेल्वे’ नाही.

एकाच जिल्ह्यातील या नावांत संस्कृत, फारसी आणि इंग्रजी अशा तीन भाषांतून आलेली उपपदे एकाच कामावर नेमलेली दिसतात. ‘खंडेश्वर’, ‘बाजार’ आणि ‘रेल्वे’ हे तीन शब्द ज्या मार्गांनी मराठीत आले त्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. मराठीत आल्यावर त्यांनी घेतलेली जागा मात्र एक आहे. शब्दाचा अर्थ त्याच्या मुळावरून ठरवावा की त्याने घेतलेल्या जागेवरून, हा भाषाविचारातील जुना प्रश्न आहे. मराठी समीक्षेत तो ‘देशी’ आणि ‘परका’ या विशेषणांच्या आडून वारंवार येत असतो, आणि त्याचे उत्तर बहुधा शब्दाच्या जन्माकडे बोट दाखवून दिले जाते. ‘रेल्वे’ हा अगदी सामान्य शब्द या उत्तराची परीक्षा घेण्यास सोयीचा आहे.

२

प्रथम मूळ पाहू. इंग्रजीतील ‘रेल’ हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतील ‘रेय’ या रूपातून आला असून त्याच्या मागे लॅटिन ‘रेगुला’ आहे. ‘रेगुला’ म्हणजे सरळ काठी, रेघ आखण्याची पट्टी. आणि त्यावरून नियम. त्याच्याही मागे ‘रेगेरे’ हा धातू आहे: सरळ नेणे, दिशा देणे, शासन करणे. याच लॅटिन शब्दातून इंग्रजीत ‘रूल’ हा शब्द वेगळ्या वाटेने आला. म्हणजे लोखंडी पट्टी या अर्थाचा ‘रेल’ आणि नियम किंवा राज्य या अर्थाचा ‘रूल’ ही एकाच मुळाची दोन रूपे होत. तौलनिक भाषाशास्त्र संस्कृतातील ‘ऋजु’ हा शब्द याच इंडो-युरोपीय धातूशी जोडते आणि ‘राजन्’ शब्दाचा संबंधही सामान्यतः त्याच्याशीच लावला जातो. ‘रेल्वे’मधील दुसरे पद ‘वे’, म्हणजे वाट. त्याचे नाते संस्कृत ‘वह्’ धातूशी आणि पर्यायाने ‘वाहन’ या शब्दाशी आहे. इंग्रजीतच ‘रेल’ असा उच्चार असलेले आणखी दोन शब्द आहेत: एक पाणथळीतल्या पक्ष्याचे नाव, दुसरे कडवट बोलणे या अर्थाचे क्रियापद. त्यांचा या ‘रेल’शी काही संबंध नाही. शिवाय ‘रेल्वे’ हा शब्द वाफेच्या इंजिनाहून जुना आहे. इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत घोड्यांनी ओढायच्या गाड्यांसाठी लाकडी पट्ट्यांचे मार्ग असत. शब्द तेथला, इंजिन नंतर आले.

ही वंशावळ समोर आली की दोन मोह होतात. पहिला मोह गोत्र जुळवण्याचा. ‘ऋजु’ आणि ‘वह्’ ही जर ‘रेल्वे’ची सख्खी भावंडे असतील, तर हा शब्द परका कसला, तो तर आपल्याच घरचा, असे म्हणण्याचा. १७८६ साली विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान उगमाची कल्पना मांडल्यापासून हा युक्तिवाद अनेक रूपांनी होत आला आहे. दुसरा मोह याच्या नेमका उलट आहे आणि वसाहतवादोत्तर समीक्षेला तो विशेष जवळचा वाटावा. ‘रेल’ आणि ‘रूल’ एकाच मुळाचे असल्याने लोखंडी पट्ट्यांच्या पोटातच इंग्रजी सत्ता दडलेली होती, शब्दानेच ते कबूल केले आहे, असे म्हणण्याचा. या वाचनाला तारखाही साथ देतात. मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात निजामाशी झालेल्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. गव्हर्नर जनरल दोन्ही वेळी डलहौसीच होता. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला आणि या काळ्या जमिनीतला कापूस मुंबईच्या बंदराला बांधला गेला.

पण येथे थांबून विचारले पाहिजे: या इतिहासातला कोणता भाग लॅटिन धातूने सिद्ध होतो? कोणताही नाही. इंग्रजांनी लोहमार्गाला दुसरा एखादा, ‘रूल’शी सुतराम नाते नसलेला शब्द वापरला असता, तरी १८५३ चा तह तसाच झाला असता आणि कापसाच्या गाठीही त्याच दिशेने गेल्या असत्या. रेल आणि राज्य यांचा संबंध खरा आहे; पण तो करारांत, भांडवलात आणि भाड्याच्या दरांत आहे. ‘रेगेरे’ धातू त्याचा पुरावा होऊ शकत नाही. व्युत्पत्तीने इतिहासाला शोभा येते, आणि ही शोभाच पुष्कळदा पुराव्याची जागा घेते. व्युत्पत्तीसाठी युरोपीय भाषांत जो शब्द आहे त्याच्या मुळाशी ग्रीक ‘एतिमॉन’ आहे, आणि त्याचा अर्थ ‘खरे’ असा होतो. मूळ म्हणजेच सत्य हा समज त्या शास्त्राच्या नावातच शिरलेला आहे.

३

भारतीय परंपरेत या समजाला फार लवकर आव्हान मिळाले होते. यास्काच्या निरुक्तात शाकटायनाचे मत नोंदलेले आहे: सर्व नामे धातूंपासून झालेली आहेत. त्यावर गार्ग्याचा आक्षेपही तेथेच दिलेला आहे. वाट व्यापतो म्हणून घोड्याला अश्व म्हणायचे असेल, तर जे जे कोणी वाट व्यापते त्या सर्वांना अश्व का म्हणू नये? टोचते म्हणून गवताला तृण म्हणायचे, तर टोचणाऱ्या प्रत्येक वस्तूला तृण का म्हणू नये? यास्क स्वतः शाकटायनाच्या बाजूचा आहे आणि त्याने आक्षेपाला उत्तर दिले आहे. पण आक्षेपाची धार त्यामुळे बोथट होत नाही. पुढे शास्त्रकारांनी शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे वर्ग केले आणि जेथे अवयवार्थ व रूढार्थ यांच्यात विरोध येतो तेथे रूढी बलवत्तर असे ठरवले. चिखलात उगवणाऱ्या अनेक गोष्टी असतात. पंकज मात्र कमळालाच म्हणतात.

गार्ग्याचा प्रश्न चांदूरला लावून पाहावा. रेल्वे आहे म्हणून चांदूर रेल्वे, तर रेल्वे असलेल्या प्रत्येक गावाला रेल्वे का म्हणू नये? बडनेऱ्याला तर मोठे जंक्शन आहे, पण त्याला कोणी बडनेरा रेल्वे म्हणत नाही. उत्तर उघड आहे: दुसरे बडनेरा समोर उभे नाही, म्हणून फरक सांगण्याची गरजही नाही. याहून बोलके उदाहरण खुद्द चांदूर बाजारचे आहे. बडनेरा-नरखेड मार्ग झाल्यानंतर, म्हणजे या शतकाच्या दुसऱ्या दशकात, चांदूर बाजारलाही रेल्वेचे स्थानक मिळाले. बाजार तर चांदूर रेल्वेतही भरतो. म्हणजे आज दोन्ही चांदुरांत बाजार आहे आणि दोन्ही चांदुरांत रेल्वे आहे. वर्णन म्हणून दोन्ही उपपदे निकामी झाली आहेत. तरीही पत्रावर एकाच्या जागी दुसरे लिहून चालणार नाही. वर्णन संपले, भेद उरला.

जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात डार्टमथ या गावाचे उदाहरण घेतले आहे. डार्ट नदीच्या मुखाशी वसले म्हणून ते डार्टमथ. पण उद्या नदीने पात्र बदलले तरी गावाचे नाव बदलण्याचे कारण नाही, कारण विशेषनाम वस्तू दाखवते, तिचा गुण सांगत नाही. चांदूरच्या बाबतीत नदी सरकलेली नाही, तर दुसऱ्या गावापर्यंतही पोहोचली आहे, परिणाम तोच.

सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत हाच विचार पूर्ण व्यवस्थेला लागू केलेला आहे: भाषेत शब्दाला स्वतःचे असे मोल नसते, ते त्याला इतर शब्दांपासूनच्या भेदाने मिळते. ही गोष्ट समजावण्यासाठी त्यानेही आगगाडीच निवडावी, हा योगायोग लक्षणीय आहे. जिनिव्हाहून रात्री आठ पंचविसाला सुटणारी पॅरिसची गाडी रोज ‘तीच’ असते. इंजिन, डबे, नोकरवर्ग सारे निराळे असले तरी. तिचे ‘तेच’पण वेळापत्रकातील तिच्या जागेत आहे. चांदूर रेल्वेतील ‘रेल्वे’चे ‘तेच’पण अशाच एका वेळापत्रकात, जिल्ह्यातील गावांच्या नामावळीत आहे.

४

हा केवळ तत्त्वविचार नाही; मराठीचे व्याकरण त्याला दुजोरा देते. ‘बाजार’ हे सामान्यनाम विभक्ती घेते तेव्हा त्याचे सामान्यरूप होते: बाजाराला, बाजारात, बाजाराचा. गावाच्या नावात ते होत नाही. ‘चांदूर बाजारला’ असेच म्हणतात. देवाला उद्देशून ‘खंडेश्वराला बेल वाहिला’ असे म्हणतील, पण गावाला जाताना ‘नांदगाव खंडेश्वरला’ जातील. देवाचे नावही येथे बाजाराच्या आणि रेल्वेच्या पंक्तीला बसून त्यांच्यासारखेच वागते. ‘रेल्वे’चा अंत्य स्वर असा आहे की तिच्यात हा फरक दिसत नाही, पण ती याच रचनेत बसते हे स्पष्ट आहे. व्याकरणाला या तीन शब्दांच्या जातकुळीशी कर्तव्य नाही.

रचनेचीही तीच गोष्ट. ‘चांदूर रेल्वे’ हा पदक्रम इंग्रजीचा नव्हे. तेथे विशेषण आधी आले असते. वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द अशा नावांत फारसीच्या महसुली व्यवहारातून आलेली उपपदे गावाच्या नावामागे जोडली जात होतीच. इंग्रजी शब्द आला तेव्हा त्याला उभे राहण्याची जागा अगोदरच आखलेली होती. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातच माहुली चोर नावाचे गाव आहे. दुसरी माहुली ‘जहागीर’ आहे. ‘चोर’ हे उपपद ऐकून त्या गावच्या माणसाकडे कोणी संशयाने पाहत नाही. उपपद गावाची लायकी सांगत नसून गाव ओळखण्याची खूण पुरवते, हे ऐकणाऱ्याला न शिकवता कळते.

पर्यायी शब्दांची कसोटी लावली तर चित्र आणखी स्पष्ट होते. कोशात ‘आगगाडी’, ‘लोहमार्ग’ आणि ‘रेल्वे’ हे शब्द जवळजवळ समानार्थी आहेत. पण ‘चांदूर आगगाडी’ होऊ शकत नाही आणि ‘चांदूर लोहमार्ग’ही नाही. ‘लोहमार्ग’ शासकीय मराठीत स्थिरावला आहे; लोहमार्ग पोलीस हे त्याचे ठळक उदाहरण. ‘आगगाडी’ बालगीतांत आणि जुन्या गद्यात राहिली. पट्ट्यांसाठी ‘रूळ’ आहे, आणि तोच शब्द रेघा आखण्याच्या गोल दांडीलाही आहे. उरलेला सारा प्रदेश ‘रेल्वे’ने घेतला, आणि घेताना इंग्रजीतील अर्थ जसाच्या तसा ठेवला नाही. इंग्रजीत हा शब्द मार्ग आणि त्याची यंत्रणा यांचा वाचक आहे. मराठीत ‘रेल्वे चुकली’ म्हणजे गाडी चुकली, ‘रेल्वेत लागला’ म्हणजे त्या खात्यात नोकरी मिळाली, ‘रेल्वे आडवी गेली’ म्हणजे शेतातून मार्ग गेला, आणि ‘चांदूर रेल्वे’ म्हणजे एक गाव. गाडीच्या शेजाराने तिला स्त्रीलिंगही मिळाले. इंग्रजी शब्दाला लिंग नव्हते.

परका शब्द भाषेत ‘रुळला’ असे मराठीत म्हणतात. आगगाडीचे रूळ डोळ्यांसमोर असलेल्या आजच्या वाचकाला या क्रियापदात लोखंडाचा आवाज ऐकू यावा हे स्वाभाविक आहे. पण गळ्यातली माळ रुळणे हा प्रयोग संतकाव्यात आहे आणि तेथे रुळांचा प्रश्नच नाही. ध्वनीची जवळीक आणि कुळाची जवळीक या दोन गोष्टी ऐकणारा वेगळ्या करत नाही. समीक्षकाने मात्र त्या कराव्यात.

५

येथपर्यंतच्या विवेचनावरून असा निष्कर्ष निघेल की मूळ गौण आहे आणि भेद हेच सर्वस्व आहे. तो पूर्णपणे स्वीकारता येत नाही. भेदाचा सिद्धान्त एक प्रश्न अनुत्तरित ठेवतो: भेद करायचा तर कशाने? दोन चांदूर वेगळी करण्यासाठी नदी, टेकडी, दिशा, एखाद्या कुळाचे नाव, काहीही चालले असते. कारंजा लाड आणि कारंजा घाडगे ही नावे तशी कुळांवरून ओळखली जातात. चांदूरसाठी ‘रेल्वे’ निवडली गेली, याचे उत्तर शब्दव्यवस्थेत मिळणार नाही. ते इतिहासात शोधावे लागते. एका काळी गावाची सर्वांत ठळक गोष्ट देऊळ होते, एका काळी पेठ, बाजार किंवा गढी, एका काळी जहागीर, आणि १८६७ च्या सुमारास रेल्वे. प्रत्येक युगात ज्या संस्थेभोवती माणसे, माल आणि महसूल गोळा होत होता, तिने आपला शब्द गावाच्या नावामागे ठेवून दिला. जिल्ह्याच्या नकाशावर ही उपपदे एकामागून एक वाचली तर वऱ्हाडावर आलेल्या सत्तांची एक क्रमवारी हाती येते.

रेमंड विल्यम्सने १९७६ च्या आपल्या शब्दविषयक ग्रंथात इंग्रजीतील काही कळीच्या शब्दांचा इतिहास लिहिला, तो याच भूमिकेतून. त्याला शब्दाचा ‘खरा’ अर्थ मुळात सापडणार नव्हता. शब्दाच्या अर्थावरून कोणी कोणाशी झगडा केला, हे पाहायचे होते. ‘रेल्वे’च्या बाबतीत असे म्हणता येईल की भेद कशाने दाखवायचा हे सत्ता ठरवते, पण दाखवलेल्या भेदाचे पुढे काय करायचे हे बोलणारे ठरवतात. कंपनीने मार्ग टाकला. गावाने त्या शब्दाला लिंग दिले, प्रत्यय जोडले आणि अखेरीस त्याचा अर्थ विसरून त्याला नाव केले. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणाऱ्या अरुंद मार्गावरील गाडीला तर वऱ्हाडाने ‘शकुंतला’ म्हटले. विलायती कंपनीच्या मालकीच्या गाडीला कालिदासाच्या नायिकेचे नाव देताना कोणाला शुद्धीचा विचार सुचला नव्हता.

६

या साऱ्याचा मराठी समीक्षेशी संबंध काय? शालेय व्याकरणापासून तत्सम, तद्भव, देशी आणि विदेशी अशी शब्दांची वर्गवारी शिकवली जाते. ती जन्मावरून केलेली आहे. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने हीच वर्गवारी मूल्याची फूटपट्टी केली. त्या चळवळीने ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे उत्तम शब्द मराठीला दिले हे खरे. पण जे शब्द टिकले ते संस्कृतातून आले म्हणून टिकले नाहीत. व्यवहारात त्यांना मोकळी जागा सापडली म्हणून ते टिकले. देशीवादाची मांडणी यापेक्षा पुष्कळ वेगळी होती. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘टीकास्वयंवर’ला १९९१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्या काळात झालेल्या चर्चेत भर होता तो लेखकाच्या भूमीशी आणि परंपरेशी असलेल्या संबंधावर. मात्र या भूमिकेचे जे सुलभीकरण पुढे झाले त्यात देशीपणाची मोजणी पुन्हा शब्दांच्या जन्मदाखल्यांवर आली: कादंबरीत इंग्रजी शब्द किती, बोलीतले किती.

येथे हेमचंद्राचे स्मरण उपयोगी आहे. बाराव्या शतकातील ‘देशीनाममाला’त त्याने देशी शब्द ठरवण्यासाठी लावलेली कसोटी मुख्यतः नकारात्मक आहे: जे व्याकरणाने सिद्ध होत नाहीत, संस्कृत कोशांत प्रसिद्ध नाहीत, पण लोकांच्या भाषेत दीर्घकाळ चालत आले आहेत, ते देशी. म्हणजे व्युत्पत्ती जेथे हात टेकते आणि वापर तेवढा साक्षीला उरतो, तेथे देशीचा प्रदेश सुरू होतो. ‘रेल्वे’ला या यादीत बसवणे हा अतिरेक होईल, पण साक्ष वापराची घ्यायची, एवढे या कसोटीतून घेण्यासारखे आहे.

आता असा प्रसंग कल्पावा की वऱ्हाडी बोलीतील एखाद्या कादंबरीत नांदगावकडचा शेतकरी चांदूरला जाऊन गाडी धरतो. त्याच्या तोंडी लेखकाने ‘लोहमार्ग’ हा शब्द घातला, तर शुद्धीच्या नियमाने तो निर्दोष ठरेल. त्याचे दोन्ही घटक संस्कृत आहेत. पण वाचकाला तो शब्द त्या माणसाचा वाटणार नाही. कचेरीतला कोणी मधेच बोलून गेला असे वाटेल. ‘रेल्वे’ म्हटल्यावर मात्र तो माणूस उभा राहील. जन्माने देशी असलेला शब्द येथे परका ठरतो आणि जन्माने परका असलेला देशी. उद्धव शेळके यांच्या ‘धग’पासून (१९६०) वऱ्हाडी संवादांची जी परंपरा मराठी कादंबरीत आली, तिचे वाचन शब्दांच्या वंशावळीने केले तर तिचे सामर्थ्य निसटते. कोणता शब्द कोणाच्या तोंडी, कोणत्या शब्दाऐवजी आणि कोणासमोर येतो, हे पाहिले तरच ते हाती लागते.

म्हणून समीक्षेने शब्दाला तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत: तो कोठून आला, तो कशापासून वेगळा आहे, आणि तो आला तेव्हा त्याच्यामागे कोण उभे होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर भाषाशास्त्र देते, दुसऱ्याचे व्यवस्था, तिसऱ्याचे इतिहास. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपवले की गोत्राचा अभिमान तरी पदरी पडतो किंवा परकेपणाची भीती तरी. समृद्धी महामार्ग नांदगाव खंडेश्वर तालुक्यातून जातो. तो शब्द संस्कृत असल्यामुळे त्याच्यामागच्या सत्तेचा प्रश्न सुटत नाही, आणि ‘रेल्वे’ इंग्रजी असल्यामुळे चांदूरचे मराठीपण उणे होत नाही.